वेस्ट हायलंड वे: लीडर घ्यावा की आपलं आपण चालावं?

प्रश्न थोडक्यात असा: पुण्याचे तिघे, पती-पत्नी आणि मेव्हणी, वयं पन्नाशीच्या पुढची. राजगड-तोरणा, हरिश्चंद्रगड, कळसूबाई सगळं पायाखालचं. पुढच्या जुलैमध्ये स्कॉटलंडचा वेस्ट हायलंड वे पूर्ण चालायचाय. एका कंपनीने लीडरसह आठ दिवसांचा गट सुचवलाय, दुसरीने सेल्फ-गाइडेड, म्हणजे मुक्काम, सामानाची ने-आण, नकाशा आणि अडचणीसाठी एक फोन नंबर. पहिलीचा खर्च जवळजवळ दुप्पट. मेव्हणीचा गुडघा उतारावर दुखतो. काय निवडावं?

या वाटेसाठी लीडर घेऊ नका. सेल्फ-गाइडेडच घ्या, पण आठ दिवसांचा आराखडा जसाच्या तसा स्वीकारू नका, नऊ दिवसांचा करून मागा. जुलै सोडा, मे धरा. आणि वाचलेल्या पैशांतून तिघांसाठी चांगल्यातले चांगले पावसाळी कपडे घ्या. लोकांना स्कॉटलंडच्या डोंगरांत घेऊन जाणं हाच माझा व्यवसाय आहे, तरीही हेच सांगेन. लीडरवर खर्च केलेला पैसा जिथे खऱ्या अर्थाने वसूल होतो, त्या जागा वेगळ्या आहेत. त्यांच्याबद्दल पुढे लिहितोच.

सह्याद्रीत आपल्याला गावातला वाटाड्या लागतो, कारण ढोरवाटा फुटत जातात, पावसानंतर कारवी आणि गवत माजलं की पायवाट दिसेनाशी होते, आणि चुकलं तर पुढे कडा असतो. वेस्ट हायलंड वे तसा नाही. ग्लासगोजवळच्या मल्गायपासून (नकाशावर स्पेलिंग मिल्नगावीसारखं दिसेल, गोंधळू नका) फोर्ट विल्यमपर्यंत १५४ किलोमीटरची ही वाट १९८० मध्ये खुली झाली. स्कॉटलंडमधली ती पहिली अधिकृत लांब पल्ल्याची पायवाट. पण ती नव्याने खोदलेली नाही. पहिल्या दिवशी तुम्ही बराच वेळ बंद पडलेल्या रेल्वेमार्गाच्या कडेने चालता. पुढे गुरांचे तांडे दक्षिणेच्या बाजारांकडे हाकत न्यायचे ते जुने रस्ते लागतात. उत्तरेकडच्या निम्म्या भागात बराचसा लष्करी रस्ता आहे. १७४५ च्या जॅकोबाइट (पदच्युत स्टुअर्ट राजघराण्याच्या समर्थकांच्या) उठावानंतर हायलंड्सवर, म्हणजे स्कॉटलंडच्या डोंगराळ भागावर, पकड ठेवायला सरकारने असे रस्ते बांधून घेतले. फौजेची माणसं आणि सामान नेता यावं म्हणून बांधलेल्या रस्त्याला चढ बेताचे असणार आणि रुंदीही भरपूर असणार. त्यावर जागोजागी लाकडी खांब आहेत, षटकोनात काटेरी थिसलचं पांढरं फूल काढलेले. हार्वी कंपनीचा या वाटेचा लांब पट्टीसारखा नकाशा मिळतो. तो आणि फोनवरचा ऑफलाइन नकाशा असला की वाट चुकणं अवघड आहे. राजगड-तोरणा केलेल्या माणसांना वाट दाखवायला माणूस लागत नाही.

मग लीडर करतो काय? निर्णय घेतो. सकाळी हवेचा अंदाज वाचून ठरवतो की आज निघायचं की थांबायचं, जेवण आधी की खिंड आधी, कोण दमलंय, कोण लपवतंय. सेल्फ-गाइडेडमध्ये हे काम तुमच्या गळ्यात येतं, आणि दुसऱ्या कुठल्याही गोष्टीपेक्षा त्याचीच तयारी करून यायला हवं. मला महाराष्ट्रातून येणाऱ्या ट्रेकर मंडळींची काळजी वाटते ती चढाची नाही. कळसूबाई १६४६ मीटर आणि ब्रिटनमधलं सर्वांत उंच बेन नेव्हिस १३४५ मीटर, हे वाचून माणूस म्हणतो, एवढंच? या वाटेवरची सर्वांत उंच जागा तर जेमतेम ५५० मीटर आहे. पण फोर्ट विल्यम ५६ अक्षांशाच्याही वर आहे, मॉस्कोपेक्षा उत्तरेला, आणि अटलांटिकवरून येणारी सगळी ओल या डोंगरांवर पहिल्यांदा आदळते.

आपल्याकडे पावसात भिजणं हा ट्रेकचा आनंद असतो. जुलैत राजमाचीला चिंब होऊन चालायचं, खाली येऊन चहा-भजी. ते जमतं, कारण आपला पाऊस कोमट असतो. इथे मे महिन्यातही आठ-नऊ अंश तापमान, आडवा पाऊस आणि वारा एकत्र आला की ओल्या सुती कपड्यातला माणूस दोन तासांत कामातून जातो. असा एक प्रसंग मी जवळून पाहिलाय. रॅनॉख मूर या उघड्या पठारावर बा ब्रिज नावाचा जुना दगडी पूल आहे. त्याच्या कठड्याच्या आडोशाला एक जोडपं बसलेलं दिसलं. अंगात पातळ पोंचो, खाली सुती ट्रॅकपँट. पोंचो वाऱ्याने डोक्यावर उडालेला. त्या गृहस्थांना मी विचारलं, कुठून आलात? उत्तर यायला वेळ लागला आणि शब्द जड येत होते. जॅकेटची चेन त्यांच्या बोटांना पकडता येत नव्हती. पत्नी सांगत होत्या की ते अर्ध्या तासापासून चिडचिड करतायत, आणि त्यांना वाटत होतं की ते दमलेत म्हणून. हीच खूण असते. बोलणं जड होणं, पाय अडखळणं, साध्या गोष्टीवर राग येणं. अंगातली ऊब जातेय, एवढाच त्याचा अर्थ. आमच्याकडे ग्रुप शेल्टर होता. बिनखांबांचा, डोक्यावरून ओढून आत बसायचा हलका कापडी तंबूच तो. चार माणसं आत बसली की पाच मिनिटांत ऊब धरते. कोरडे कपडे, गोड गरम चहा, चॉकलेट. मग त्यांना आमच्यात घेऊन ग्लेनकोच्या स्की सेंटरच्या कॅफेपर्यंत आलो. तोपर्यंत ते नीट बोलायला लागले होते.

म्हणून कपड्यांवर खर्च करा असं मी पुन्हा पुन्हा म्हणतो. हूडवालं खरं वॉटरप्रूफ जॅकेट आणि तशीच वॉटरप्रूफ पँट. पोंचो नको, छत्री तर नकोच. जीन्स, सुती टी-शर्ट, सुती मोजे घरी ठेवा. लोकरी टोपी आणि हातमोजे मेमध्येही सॅकमध्ये असू द्या. सॅकचं पावसाळी कव्हर वाऱ्यात निघून जातं, त्यापेक्षा सॅकच्या आत जाड प्लॅस्टिकची पिशवी घालून तिच्यात एक कोरडा जोड ठेवा. तिघांत एक ग्रुप शेल्टर घ्या, वजन अर्ध्या किलोच्या आसपास, आणि तो दिवसाच्या सॅकमध्येच ठेवा. मोठ्या बॅगेत गेला तर तो गाडीने पुढच्या गावी पोचलेला असेल आणि तुम्ही पावसात असाल.

आता दिवसांचं. कंपन्या आठ दिवस देतात, त्यात तिसऱ्या दिवशी रोवार्डेनन ते इन्व्हरारनन असा सुमारे २३ किलोमीटरचा टप्पा येतो. कागदावर २३ म्हणजे पहिल्या दिवसाच्या १९ पेक्षा थोडाच जास्त. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये एक हिशेब मांडला होता, तो आजही सगळे वापरतात: दर पाच किलोमीटरला एक तास आणि दर ६०० मीटर चढाला आणखी एक तास. त्या हिशेबाने हा टप्पा पाच-साडेपाच तासांत व्हायला हवा. प्रत्यक्षात धडधाकट माणसालाही आठ तास लागतात. इन्व्हरस्नेडच्या पुढे लॉख लोमंडच्या (लॉख म्हणजे सरोवर) काठाने वाट ओक आणि बर्चच्या झाडीत शिरते आणि तिची वाट राहतच नाही. शेवाळलेले धोंडे, त्यांच्यामधून गेलेली ओली मुळं, मध्येच कमरेएवढी पायरी, हात टेकून उतरायचं, पुन्हा चढायचं. डावीकडे पाणी अगदी पायाशी. पाय कुठे ठेवायचा हे दर पावलाला बघावं लागतं, म्हणून डोकंही दमतं. कित्येक किलोमीटर असं झालं की घोटे मुरगळतात ते तिथेच. शिवाय रोवार्डेननला पूर्वकाठाचा रस्ता संपतो. इन्व्हरस्नेडला गाडी येते ती अॅबरफॉइलकडून मोठा वळसा घालून, आणि त्यापुढे इन्व्हरारननपर्यंत रस्ता नाहीच. गुडघा मध्येच बिनसला तर टॅक्सी बोलावण्याचा पर्याय नाही.

तुमचा नववा दिवस इथे घाला. रोवार्डेनन ते इन्व्हरस्नेड १२ किलोमीटर, मुक्काम, दुसऱ्या दिवशी इन्व्हरस्नेड ते इन्व्हरारनन ११ किलोमीटर. मेव्हणीबाईंना दुसरा टप्पा नकोसा वाटला तर हंगामात इन्व्हरस्नेडहून पलीकडे टार्बेटला जाणारी बोट आहे, टार्बेटहून उत्तरेकडे बस मिळते. काठावर रोवखॉइश आणि डून या दोन बॉथी आहेत, म्हणजे कोणीही विनाशुल्क थांबू शकेल अशा साध्या दगडी झोपड्या, माउंटन बॉथीज असोसिएशनचे स्वयंसेवक त्या राखतात. मुक्कामाला नव्हे, पण पाऊस झोडपत असेल तर आत बसून डबा खायला त्या देवासारख्या आहेत.

गुडघ्याची दुसरी परीक्षा त्याच्या आदल्या दिवशी असते. ड्रायमेनहून निघाल्यावर कॉनिक हिल लागते, ३६१ मीटरची टेकडी. चढ सोपा, पण बालमाहाकडचा उतार दगडी पायऱ्यांचा आणि तीव्र आहे. तिला टाळून मिल्टन ऑफ ब्युकॅननवरून रस्त्याच्या कडेने बालमाहाला जाता येतं. तुम्ही दोघं वरून जा, त्या खालून येतील, बालमाहाच्या दुकानापाशी भेटा. वरून जाणाऱ्यांनी माथ्यापाशी थांबून लॉखमधल्या बेटांकडे बघा. ती एका रेषेत ओळीने उभी आहेत, आणि तीच रेषा तुमच्या पायाखालच्या टेकडीतून जाते. हायलंड बाउंडरी फॉल्ट, लोलंड्स संपून हायलंड्स सुरू होण्याची जमिनीतली खरीखुरी भेग. भूगोलाच्या पुस्तकातली गोष्ट इतक्या स्वच्छ दिसायला मिळणं दुर्मीळ. दोन्ही हातांत ट्रेकिंग पोल असू द्या, उतारावर थोडे लांब करून.

मे का, जुलै का नाही? एक तर मिजेस. चिलटांपेक्षाही बारीक, चावणारे, आणि ढगच्या ढग. वारा नसेल, हवा दमट असेल, सकाळ-संध्याकाळ असेल तर जुलै-ऑगस्टमध्ये लॉखच्या काठी उभं राहून बुटाची नाडी बांधणंही असह्य होतं. ताशी ११-१२ किलोमीटरपेक्षा जास्त वारा असला की त्यांना उडता येत नाही, त्यामुळे डबा खायला नेहमी वाऱ्याची जागा निवडा, आडोसा नको. मेच्या पहिल्या तीन आठवड्यांत त्यांचा त्रास सहसा अगदी कमी असतो. वसंताचे हे महिने पश्चिम हायलंड्समध्ये त्यातल्या त्यात कोरडेही असतात. लॉखकाठच्या ओकच्या रानात जमिनीवर निळ्या ब्लूबेल्सचा गालिचा असतो, आणि रात्री साडेनऊपर्यंत उजेड. सावकाश चालणाऱ्यांना हा उजेड सोन्यासारखा आहे. गोचीड मात्र मेमध्येही असते. नेच्याच्या झुडपांतून गेलात की संध्याकाळी गुडघ्यामागे, कमरेला, काखेत बघायचं आणि बारीक चिमट्याने सरळ ओढून काढायची. तिच्यामुळे लाइम नावाचा आजार होऊ शकतो. पुढच्या आठवड्यांत चाव्याभोवती लाल वर्तुळ पसरताना दिसलं तर डॉक्टरांना स्कॉटलंडचं नाव घेऊन सांगा, कारण भारतात हा आजार पटकन कोणाच्या मनात येत नाही.

टिंडरमच्या पुढचे तीन दिवस या सगळ्या वाटेचा गाभा आहेत. टिंडरम ते इन्व्हरोरन १५ किलोमीटर, इन्व्हरोरन ते किंग्ज हाउस १६, तिथून किनलॉखलेव्हन १४. आकडे सोपे आहेत, पण मधला दिवस रॅनॉख मूरच्या कडेचा. हे उघडं, ओलं, पीटचं, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या दलदली मातीचं, पठार आहे. पीटमध्ये हजारो वर्षांपूर्वीच्या पाइनचे बुंधे अजून न कुजता दिसतात, आणि झाड म्हणावं असं जवळपास काहीच नाही. वाट जुन्या रस्त्याची, रुंद, चुकणं अशक्य. पण वर गोल दगड बसवलेले आहेत, त्यामुळे मऊ तळाच्या बुटांत पावलं सोलून निघतात. जाड तळाचे, आधीपासून वापरून मऊ झालेले बूट हवेत. तासन्‌तास आडोसा नाही, म्हणून या दिवसाचा हवेचा अंदाज आदल्या रात्री आणि सकाळी, दोनदा बघा. ताशी ७० किलोमीटरच्या वर झोत सांगितले असतील आणि पाऊस असेल तर चालू नका. ब्रिज ऑफ ऑर्कीहून टॅक्सीने किंवा ग्लासगो-फोर्ट विल्यम बसने वळसा घेऊन किंग्ज हाउसला पोचा. वाट पूर्ण केल्याचं प्रमाणपत्र कोणी मागत नाही. हाच तो निर्णय जो लीडर घेतो आणि सेल्फ-गाइडेडमध्ये तुम्हाला घ्यायचा आहे, आणि तो आत्ता घरी बसून, आकडा ठरवून घेतलेला बरा. त्या सकाळी पुढचं बुकिंग डोळ्यांसमोर असतं, बॅग गाडीत गेलेली असते, आणि मग माणूस स्वतःला समजावतो.

बॅगांवरून आठवलं. सामान नेणाऱ्या कंपन्या साधारण एका माणसाची एक बॅग, २० किलोपर्यंत, घेतात. नाश्त्याच्या वेळी ती खालच्या दालनात ठेवलेली लागते. त्या गाडीत माणसांना जागा असतेच असं नाही, तेव्हा दिवस गाळावा लागला तर तिघांची सोय कोण करणार आणि त्याचे पैसे वेगळे का, हे बुकिंगआधी लेखी विचारा. आणि दुसरा प्रश्न: कोणत्या रात्रीचा मुक्काम वाटेपासून दूर आहे? इन्व्हरोरन आणि किंग्ज हाउसला खोल्या मोजक्या असल्याने कंपन्या कधीकधी दोन्ही रात्री टिंडरमला ठेवून गाडीने ने-आण करतात. त्यात वाईट काही नाही, पण आधी माहीत हवं.

जेवणाचं फार अवघड नाही. शाकाहारी सूप, मॅकरोनी चीज, भाजलेला बटाटा, शाकाहारी हॅगिस (ओट्स-डाळींचा स्कॉटिश पदार्थ) बहुतेक ठिकाणी मिळतं. कांदा-लसूण वर्ज्य असेल तर त्रास होईल. पबचं स्वयंपाकघर आठ-साडेआठला बंद होतं, तेव्हा उजेड आहे म्हणून रेंगाळू नका. टिंडरमनंतर किनलॉखलेव्हनपर्यंत दुकान नाही. घरून शेंगदाण्याची चिक्की, भडंग, सुकी चटणी आणा. पेढे, बर्फी, खव्याचं, तुपाचं काही आणू नका. भारतातून ब्रिटनमध्ये दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे, विमानतळावर काढून घेतात.

ब्रिटिश सिमकार्ड घ्या आणि पहिल्याच दिवशी त्यावरून इंग्रजीत ‘रजिस्टर’ एवढाच शब्द ९९९ ला एसएमएस करा, उत्तर येईल त्याप्रमाणे नोंदणी पूर्ण करा. मग जिथे आवाज पोचत नाही तिथूनही मेसेज करून मदत मागता येते. फोन लागत असेल तर ९९९, आधी पोलीस मागायचे आणि मग माउंटन रेस्क्यू सांगायचं. इथली बचाव पथकं स्वयंसेवकांची आहेत आणि पैसे घेत नाहीत. पण पुढचा हॉस्पिटलचा खर्च परदेशी पाहुण्यांवर येऊ शकतो, म्हणून प्रवास विम्यात डोंगरात पायी चालणं स्पष्ट लिहिलेलं असू द्या.

आता लीडर कुठे घ्यावा ते. फोर्ट विल्यमला पोचल्यावर अंगात ताकद असेल तर बेन नेव्हिससाठी एक दिवस ठेवा, आणि माथ्यावर बर्फ असेल तर तिथे नक्की घ्या. मेमध्ये तो बहुतेकदा असतोच. माथ्याचं पठार धुक्यात असतं, उत्तरेकडे सरळ कडे आहेत आणि बर्फाखाली वाट दिसत नाही. बर्फातल्या डोंगरासाठी विंटर माउंटन लीडर ही वेगळी पात्रता आहे, ती आहे का हे विचारा. उन्हाळी चालण्याला नुसती माउंटन लीडर पात्रता पुरते. तसंच नॉयडार्टसारख्या भागात, जिथे इन्व्हरी गावाला बाहेरच्या जगाशी जोडणारा रस्ताच नाही, मॅलेगहून बोटीने जावं लागतं किंवा दोन दिवस चालावं लागतं. खुणेचे खांब नाहीत, बऱ्याच ओढ्यांवर पूल नाहीत. किंवा स्काय बेटाच्या क्युलिन डोंगरांवर, जिथल्या खडकात चुंबकत्व असल्याने होकायंत्र खोटं बोलतं. स्कायला कधी गेलात तर ट्रॉटर्निशचा डोंगर मात्र बघाच. तो लाव्हाच्या थरांचा आहे, आपल्या सह्याद्रीच्या बेसॉल्टनंतर काही लाख नव्हे, काही दशलक्ष वर्षांनीच साचलेला, आणि त्याच्या पायऱ्या-पायऱ्यांच्या कड्यांखाली उभं राहिलं की नाणेघाटाची आठवण येते. अशा ठिकाणी लीडरसोबतचे तीन दिवस तुमच्या आठ दिवसांच्या गटापेक्षा जास्त शिकवून जातील. शिवाय तो तुमच्या तिघांच्या वेगाने चालेल. अनोळखी बारा जणांत सर्वांत हळू चालणारं माणूस मनातून खजील होत राहतं, आणि गुडघा दुखणाऱ्या माणसावर तर ही वेळ येऊच नये.

बुकिंगचा क्रम नेहमीच्या उलट ठेवा. आधी इन्व्हरोरन आणि किंग्ज हाउसच्या रात्री कोणत्या तारखांना मिळतात ते बघा, मेसाठी आदल्या शरद ऋतूतच. त्यांच्याभोवती बाकीचे मुक्काम लावा, मग व्हिसाचा अर्ज, आणि विमानाची तिकिटं शेवटी. ग्लासगोला पोचल्यावर लगेच दुसऱ्या दिवशी निघू नका, एक रात्र जास्त ठेवा. हरवलेली बॅग यायलाही तेवढा वेळ लागतो. बूट मात्र विमानात पायातच घालून या.